शकुनचं सिमिलरली

शकुन देवस्थळीच्या इंग्रजीत एकच शब्द असा होता, जो ती मान वर करून कुणाच्याही तोंडावर फेकू शकायची. तो शब्द म्हणजे ‘सिमिलरली’. बाकीचं इंग्रजी आपलं लंगडत यायचं, क्रियापद कुठे आणि काळ कुठला, कशाचा कशाला पत्ता नाही. पण सिमिलरली तोंडातून निघालं की बाई एकदम कलेक्टरीणबाई!

याचं सगळं श्रेय कराडच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना. त्या सांगायच्या, “मुलींनो, निबंधाचा तिसरा परिच्छेद सिमिलरलीनं सुरू करा. पुढे काय हवं ते लिहा, तपासणाऱ्याला वाटतं पोरगी विचार करते.” शकुननं हे इतकं मनावर घेतलं की गाईवरचा निबंध असो की सहलीवरचा, तिसऱ्या परिच्छेदाच्या दारात हा शब्द उभाच. पुढे शाळा सुटली, लग्न झालं, श्रीकांतच्या बँकेच्या बदल्यांमागे अकोला, रायपूर, भोपाळ अशी बिऱ्हाडं झाली. शिकलेलं बाकी सगळं कुठे कुठे सांडलं, हा शब्द तेवढा सोबत राहिला.

मग तन्मय, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्यात नोकरीला चिकटला आणि श्रीकांतची बदली कोलकात्याला झाली. बागबाजारात एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर त्यांनी जागा घेतली. समोरच्या दारात नीलिमादी राहायच्या. सत्तरी गाठलेल्या, एकट्या, मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या. हिंदी बोलायचं म्हटलं की त्यांच्या घशात काटा अडकायचा, शकुनचं बंगाली ‘भालो’च्या पुढे जात नव्हतं. राहता राहिलं इंग्रजी. दोघींचंही शाळेतलं, दोघींचंही गंजलेलं, त्यामुळे कुणी कुणाला हसायचा प्रश्न नव्हता.

पहिल्याच दिवशी नीलिमादींनी जिन्यात अडवून विचारलं, “मराठी? म्हणजे बर्गी! तुमचे लोक घोड्यावर बसून लुटायला यायचे, म्हणून आमच्या लोकांनी इथून खंदक खणायला घेतला होता. माहीत आहे का?”

शकुनला त्यातलं निम्मं कळलं, पण काहीतरी गोड बोलायला हवं. ती म्हणाली, “सिमिलरली, माझे मिस्टर पण आले. बदलीवर.”

नीलिमादी हसत सुटल्या त्या जिन्याच्या पायरीवरच बसल्या. मैत्री झाली ती तिथे. नावाचीही गंमतच झाली. बंगालीत ‘शकुन’ म्हणजे गिधाड. एवढ्या चांगल्या घरच्या बाईला अशी हाक मारणं नीलिमादींच्या जिवावर आलं, म्हणून त्यांनी तिला ‘कुनू’ करून टाकलं.

दुपारी जेवणं उरकली की दोघी गच्चीवर जायच्या. कठड्याच्या सावलीत चटई टाकायची. पलीकडे कुणाची तरी धुतलेली साडी वाऱ्यावर उडायची, नदीवरून भोंगा यायचा, घाटालगतच्या रुळांवरून गाडी सावकाश जायची आणि सगळं बागबाजार डुलकी काढत पडलेलं असायचं. नीलिमादी डाळीच्या बोड्या वाळत घालायच्या. शकुन म्हणायची, “सिमिलरली, आमचे सांडगे.” त्या आंब्याचा रस थापून वाळवायच्या. “सिमिलरली, आमची आंबापोळी.” जगात दोन गोष्टी सारख्या सापडल्या की शकुनला असा आनंद व्हायचा, जसं काही हरवलेलं पैंजण मिळालं. परक्या गावात पाय रोवायची तिची ही तऱ्हा होती. इथलं काहीही उचलायचं आणि त्याला आपल्याकडचं जोडीला बसवायचं.

आणि मग एका दुपारी नीलिमादींनी बुलूचं सांगितलं.

तसं विशेष काही चाललेलं नव्हतं. शकुन मेथी निवडत होती. नीलिमादी म्हणाल्या, माझी एक मुलगी होती. बुलू. नऊ वर्षांची होऊन गेली. पावसाळ्यातला ताप. आता तिचं नाव घेणारंसुद्धा कुणी उरलेलं नाही. एवढं बोलून त्या बोड्या उलटायला लागल्या.

शकुनच्या तोंडून निघालं, “सिमिलरली, माझी पण.”

आता हे खोटं होतं का? नव्हतं हो. तन्मयनंतर दुसऱ्या खेपेला तिला सातवा लागला होता, अकोल्याला असताना. मूल आलं ते गेलेलंच आलं. मुलगी आहे, एवढं नर्सनं सांगितलं. शकुनला गुंगी होती, तिनं पाहिलंसुद्धा नाही. श्रीकांत टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला आणि रिकाम्या हातानं परत आला. सासूबाई म्हणाल्या, “झालं गेलं, आता विषय नको.” विषय निघाला नाही तो नाहीच. श्रीकांतही कधी एका अक्षरानं बोलला नाही. पुरुषांचं बरं असतं, विसरून जातात, असं शकुननं मनाशी ठरवून टाकलं आणि त्याच्यावरचा तो राग आत कुठेतरी ठेवून संसार केला.

म्हणजे खोटं नव्हतं. पण नऊ वर्षं घरभर नाचलेली बुलू आणि डोळेसुद्धा न उघडलेलं ते बाळ, यांना एका शब्दानं एका चटईवर बसवणं, हे काही खरं नव्हतं. शकुनला ते त्याच क्षणी समजलं. पुढे काहीतरी सांगायला हवं म्हणून तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात नीलिमादींनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, “नाव काय होतं?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं! नाव नव्हतं. पण असं विचारल्यावर नाव नाही म्हणायचं कसं? ती म्हणाली, “नूपुर.”

झालं, त्या दुपारपासून गच्चीवर दोघींच्या चौघी झाल्या.

शकुन ‘पुढे काय, पुढे काय’ विचारत राहायची आणि नीलिमादी सांगायच्या, बुलू पेरू उशीखाली लपवून ठेवायची. शकुन म्हणायची, “सिमिलरली, नूपुर गुळाचा खडा. मुंग्या लागायच्या गादीला!” बुलू सरस्वतीपूजेला पिवळी साडी नेसायचा हट्ट करायची आणि संध्याकाळपर्यंत ती साडी तिच्या हातात यायची. सिमिलरली, नूपुर मंगळागौरीत नऊवारी मागायची. बुलू आपल्या पांढऱ्या बुटांना खडू चोळायची, शाळेत जाताना पावलं जपून टाकायची. सिमिलरली, नूपुरचेही पांढरे बूट. बुलू झोपेत बोलायची. सिमिलरली, नूपुर झोपेत हसायची.

शकुनला कळत होतं की आपण करतोय ते बरं नव्हे. पण काय सांगायचं तुम्हाला, ती पोर इतकी गोड होती! एकदा सुरुवात झाल्यावर तिला आपलं आपलं रूपही आलं. श्रीकांतचं रुंद कपाळ, तन्मयसारखे खालच्या बाजूला वाकलेले डोळ्यांचे कोपरे, वेणी एक घट्ट आणि एक सैल. पोळ्या लाटताना शकुनला मागे पावलं वाजल्यासारखी वाटायची. बाजारात छोट्या मापाचा फ्रॉक दिसला की हात आपोआप कापडाकडे जायचा. दुपारच्या झोपेत ती मुलगी येऊन पायाशी बसायची आणि जाग आल्यावरही थोडा वेळ तिथेच असायची. शकुन डोळे अर्धवट मिटून पडून राहायची, कारण पूर्ण उघडले की ती जाणार हे ठरलेलं.

“हल्ली खूश दिसतेस,” श्रीकांत एकदा चहा पिता पिता म्हणाला. “हवा मानवली वाटतं कोलकात्याची.”

“हो, मानवली,” म्हणून तिनं कप उचलला.

पाऊस ओसरला, आभाळ निळं झालं, गल्लीत पूजेच्या मांडवाचे बांबू येऊन पडले. एक दिवस नीलिमादी म्हणाल्या, “महालया आली. माझा बराकपूरचा भाचा येतो दर वर्षी, घाटावर तर्पण करायला. सगळ्या पितरांचं झालं की बुलूच्या नावानं एक ओंजळ सोडायला लावते मी त्याला. या वर्षी नूपुरच्या नावानंही सोडू. तुझं गोत्र सांगून ठेव. नाव तर माहीतच आहे.”

आमच्याकडे सर्वपित्री अमावास्या त्याच दिवशी, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. ते तिथेच विरलं.

त्या दिवसापासून तिला सुचेना. नूपुरला पाणी सोडायचं म्हणजे नूपुर होती असं देवाधर्मासमोर सांगायचं. बरं, तेही चाललं असतं एक वेळ. पण ती दुसरी? ती खरी? अकोल्याच्या मातीत कुठेतरी गेलेली, जिला आजवर कुणी पाण्याचा थेंब दिला नाही? तिच्या वाटणीचं पाणी आपण आपल्या तोंडानं एका मनातल्या मुलीला देऊन टाकणार? स्वतःच्या पोटच्या पोरीला दुसऱ्यांदा वाऱ्यावर सोडणार? आणि नीलिमादींना खरं सांगावं, तर त्या तरी पुन्हा तोंड बघतील का! त्यांच्यावाचून या गावात शकुनचं होतं कोण? आणि खरं सांगितलं की त्याच घटकेला नूपुरही गेलीच. तिला रडू आवरेना. भाजीला फोडणी घालताना रडली, कपडे पिळताना रडली.

शेवटी एका दुपारी, चटई अंथरायच्या आधीच, उभ्या उभ्या तिनं सांगून टाकलं. या वेळी तिनं तो शब्द वापरला नाही. म्हणाली, “नॉट सेम, नीलिमादी. माझी जन्माला आली तेव्हाच गेलेली होती. मी तोंडही नाही पाहिलं. गूळ, नऊवारी, बूट, सगळं मी मनानं केलं. नाव पण.”

नीलिमादींनी हातातली चटई खाली ठेवली. मग विचारलं, “पांढरे बूट?”

“ते पण.”

“ते बूट बुलूचे होते,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे तिचं असं उरलंय तरी काय? चार गोष्टी. त्या मी तुला एकेक करून दाखवल्या आणि तू तुझ्या मुलीच्या अंगावर चढवत गेलीस!” आणि त्या जिना उतरून गेल्या. खाली दार लागल्याचा आवाज आला.

त्यानंतर ते दार उघडलं नाही. म्हणजे दूधवाल्याला, मोलकरणीला उघडायचं, शकुनची चाहूल लागली की बंद. ती एकटी गच्चीवर गेली, तर ऊन होतं, नदी होती, भोंगा होता, पण पायाशी येऊन बसणारं कुणी नव्हतं. डोळे किती मिटले तरी नव्हतं. शकुनला वाटलं, चांगली अद्दल घडली आपल्याला, दोन्ही हातांनी घालवलं.

रविवारी तिनं श्रीकांतपुढे सगळं ओकून टाकलं. तो खिडकीशी बसून लसूण सोलत होता. तिनं बुलू सांगितली, नूपुर सांगितली, बूट सांगितले, तर्पण सांगितलं. तो ऐकत राहिला. मध्येच एक पाकळी त्याच्या हातून खाली पडली, ती त्यानं वाकून उचलली, फुंकून वाटीत टाकली. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, “बरं.”

बरं! शकुनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी बायको मेलेल्या लेकीचं नाव काढते आणि या माणसाचं आपलं ‘बरं’! ती ताडकन उठून आत निघून गेली.

महालयेच्या पहाटे, दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे, गल्लीतल्या घराघरांतून रेडिओवर देवीची स्तोत्रं चालू झाली. अजून उजाडायचं होतं. सगळ्या खिडक्यांतून तोच आवाज येत होता, त्यामुळे नक्की कुठून येतोय ते कळत नव्हतं. शकुन अंथरुणात पडून ऐकत होती, तोच दार वाजलं. नीलिमादी उभ्या होत्या. लाल काठाची नव्हे, साधी पांढरी साडी, हातात तीळ आणि दर्भाची पिशवी.

“चल,” त्या म्हणाल्या.

शकुन दाराची कडी धरून उभी राहिली.

“मी खूप चिडले,” नीलिमादी म्हणाल्या. “अजून चिडलेलीच आहे. पण घरात बसून बसून लक्षात आलं, इतकी वर्षं बुलूबद्दल पुढचं काय, पुढचं काय, असं मला कुणी विचारलं नव्हतं. तू विचारलंस. तुझ्या मुलीपायी विचारलंस, पण विचारलंस. चल आता. नाव नसलं तरी पाणी देतात. अगदी शेवटी एक ओंजळ असते, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी.”

“तिचं कुणी नाही कसं?” शकुन एकदम म्हणाली. “मी आहे ना!”

नीलिमादींनी तिचा हात धरला. शकुननं पायात चपला सरकवल्या आणि केस तसेच बांधून ती निघाली. श्रीकांत अंथरुणात नव्हता. कुठे गेला हे बघण्याचीही तिला इच्छा झाली नाही.

घाटावर धुकं आणि माणसं एकमेकांत मिसळली होती. कमरेइतक्या पाण्यात पुरुष उभे होते, काही बायकाही होत्या. भटजी पायऱ्यांवर बसून पाच-सहा जणांना एकदम मंत्र सांगत होते, ओंजळी भरत होत्या, रित्या होत होत्या, आणि नदी ते सगळं घेऊन मुकाट पुढे जात होती. पलीकडचा काठ दिसत नव्हता. शकुनला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत. बराकपूरच्या भाच्यानं आजोबा, पणजोबा केले, मग बुलूचं नाव घेतलं. नीलिमादींनी डोळे मिटून घेतले. पाणी पडलं.

भटजींनी शकुनकडे पाहिलं. “तुमचं? गोत्र?”

गोत्र तिनं सांगितलं.

“नाव?”

शकुन म्हणाली, “नाव... नाव नाही ठेवलेलं.”

“आहे नाव,” मागून कुणीतरी मराठीत म्हणालं.

श्रीकांत होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सदरा भिजून अंगाला चिकटलेला. तिच्याही आधी येऊन, विचारत विचारत, कुठे काय करतात ते बघत तो घाटभर फिरत होता. तो पायरी उतरून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, पण तिच्याकडे बघेना. पाण्याकडे बघत बोलायला लागला.

“अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी नेली मी तिला. खड्डा खणणारा म्हातारा होता एक. म्हणाला, साहेब, नाव सांगा पोरीचं, बिननावाची मी माती लोटत नाही. मी म्हटलं, नाव कुठलं, अजून बारसं नाही काही नाही. तो ऐकेना. फावडं टाकून बसला. मग मी तिला जरा उघडून पाहिलं. कपाळ माझ्यासारखं होतं गं. तन्मयच्या पाठची, म्हणून म्हटलं, अनुजा. मग त्यानं माती लोटली.”

शकुननं श्रीकांतची भिजलेली बाही घट्ट धरली. “मला का नाही सांगितलंत? इतकी वर्षं, अहो! मला का नाही सांगितलंत?”

“तू कधी विषयच काढला नाहीस,” तो म्हणाला, आणि आता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला होता. “मला वाटलं, तू विसरलीस. म्हटलं, विसरली आहे तर बरं आहे, आपण कशाला आठवण द्यायची. मी आपलं कधी कधी, एकटा असलो की, मनात हाक मारायचो.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” शकुन म्हणाली. “तुमच्याबद्दल. अगदी तसंच.”

भटजी खोळंबले होते. मागे माणसांची रांग लागली होती. नीलिमादींनी पिशवीतले तीळ काढून श्रीकांतच्या ओंजळीत घातले आणि शकुनला हलकेच कोपरानं पुढे ढकललं. श्रीकांत वाकला, ओंजळ भरून घेतली. शकुननं आपले दोन्ही हात त्याच्या हातांखाली धरले.

“नाव बोला, मा,” भटजी म्हणाले, “जोरे बोला.”

शकुननं घसा साफ केला आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात, शाळेत पहिल्या दिवशी नाव घालायला आलेली आई सांगते तसं, पूर्ण नाव सांगितलं.

“अनुजा श्रीकांत देवस्थळी.”